दांड्यावरची खाच

रोज सकाळी नवऱ्याचं आतडं जागेवर बसवायचं काम थोरलीकडे होतं. तो अंथरुणातच उताणा पडायचा, गुडघे वर घ्यायचा, आणि ती त्याच्या जांघेतला फुगवटा तळहातानं हळूहळू वर सारायची. आत गुडगुड व्हायचं आणि फुगवटा बसायचा. मग त्या जागेवर कापडाची घडी ठेवून ती चामड्याचा पट्टा आवळायची. पट्टा आधी सासऱ्याचा. त्याचं दुखणं पट्ट्यात मावेनासं झालं तेव्हा त्यानं तो थोरल्या मुलाच्या हवाली केला आणि स्वतः लांब कापड गुंडाळायला लागला. त्याच्याआधी तो त्याच्या बापाच्या कमरेला होता म्हणे. इतरांच्या घरात बापाकडून मुलाकडे जमीन येते, भांडी येतात. या घरात पट्टा आला होता आणि वर त्याचं कौतुकही होतं. म्हातारा चारचौघांत मांड्या फाकवून बसायचा आणि सांगायचा, "ही दगड उचलणाऱ्याची खूण आहे. ज्याला हे नाही, त्यानं जन्मभर खडीच वेचली असं समजा."

थोरलीला पूर्वी हे ऐकून हसू यायचं. आता संताप यायचा. कारण तिलाही जांघेत गाठ आली होती, आणि तिचं कौतुक सोडाच, ती आहे हेच कुणी मानायला तयार नव्हतं.

तिची गाठ नवऱ्यासारखी नव्हती. त्याचा फुगवटा वर होता, हिची गाठ पार खाली, मांडी सुरू होते तिथं, सुपारीएवढी. दिवसभर काम करून आलं की ठणकायची. आडवं पडलं की नाहीशी व्हायची आणि खोकला आला की बोटाला धक्का द्यायची. रोज नवऱ्याचं तेच बघणारी बाई ती, तिला वेगळं कुणी सांगायची गरज नव्हती.

"अहो, मलाही तुमच्यासारखं झालंय," तिनं एकदा पट्टा आवळता आवळता सांगितलं.

नवरा पडल्या पडल्या हसला. "बायकांना कुठं होतं ते? उद्या म्हणशील मला मिशी आली."

जावेला सांगितलं तर धाकटी म्हणाली, "पायाला काटा लागला असेल जाऊबाई. काटा लागला की जांघेत गाठ येते. हळद लावा." औषधवाल्याकडे गेली तर तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. कुठं, कशी, कधीपासून, काही विचारलं नाही. टेबलापलीकडूनच म्हणाला, "अवधान आलं असेल, काट्याबिट्याची गाठ," आणि गोळ्या पुढे सरकवल्या. शेवटी लाज गुंडाळून ठेवून, मान खाली घालून तिनं सासऱ्यालाही सांगितलं की पोटाखाली दुखतंय, मोठे दगड उचलवत नाहीत. म्हातारा घडीव दगडावरून हात फिरवत होता. तो म्हणाला, "बांध संपू दे. मग सगळ्यांचंच दुखायचं थांबेल."

बांध म्हणजे ओढ्याकाठचा. बागवाल्याचा जुना बांध मागच्या पुरात वाहून गेला होता आणि त्याबरोबर झाडांची एक अख्खी ओळ. ओढ्याला पुन्हा पाणी यायच्या आत त्याला नवा बांध हवा होता, नाहीतर तो यंत्र आणून माती लोटणार होता. तसं त्यानं सांगितलंही होतं, गाडीवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकून. "यंत्राला जेवायला लागत नाही आणि त्याची कंबरही दुखत नाही," असं म्हणून तो स्वतःच हसला होता. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या डोक्यात बांधाशिवाय दुसरं काही नव्हतं. धाकटा दीर वरच्या माळावर घणानं दगड फोडायचा. धाकटी पाटीतून भरावाचे लहान दगड आणायची. म्हातारा खाली बसून दगडाला दगड जुळवायचा. आणि पायाचे मोठे धोंडे माळावरून ओढ्यापर्यंत आणायचे थोरला आणि थोरली.

धोंडे दांड्यावरून यायचे. दांडा म्हणजे मांडीएवढ्या जाडीचं जुनं, गुळगुळीत झालेलं लाकूड. धोंड्याला दोरखंडाचा फास घालायचा, तो दांड्याच्या मध्यावर अडकवायचा आणि दांडा दोघांनी खांद्यावर घ्यायचा, एक पुढं, एक मागं. उतारावर दोर सरकू नये म्हणून दांड्याला खाच होती. दोर बांधायचं काम थोरल्याचं. तोवर ती खांद्यावर पोत्याची घडी नीट करायची.

लग्न होऊन आल्यापासून ती मागंच असायची. गेल्या साली एके दिवशी म्हातारा म्हणाला, "आजपासून थोरली पुढं. तिला वाट चांगली ठाऊक झालीय. पुढं चालणाऱ्याला मान असतो." तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिनं मान ताठ ठेवूनच उतार उतरला. तिच्या माहेरी कुणी बाई दांड्याच्या पुढं चाललेली नव्हती. दगड मात्र त्या दिवसापासून जड वाटायला लागले. तिनं म्हणून पाहिलं, तर नवरा म्हणाला, "दगड तेवढेच आहेत. वय तुझं वाढलंय."

त्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. वारा होता, पण तो माळावरची भुकटी डोळ्यांत घालायलाच आल्यासारखा. एक चौकोनी धोंडा म्हाताऱ्याला कोपऱ्यासाठी हवा होता. धाकट्यानं पहार लावून तो उचलला, थोरल्यानं फास टाकला.

"हं," तो मागून म्हणाला. तिनं गुडघ्यांवर जोर दिला आणि दांडा उचलला. निम्म्या उतारावर जांघेत काहीतरी निसटलं. कळ अशी गेली की डोळ्यांपुढं पांढरं झालं. तरी तिनं दांडा टाकला नाही, कारण पुढच्यानं अचानक टाकला तर मागचा दांड्यासकट तोंडावर येतो. ओढ्यापर्यंत गेली, म्हाताऱ्यानं बोट दाखवलं तिथं धोंडा ठेवला, बाजूला जाऊन बसली आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं.

गाठ आता सुपारीएवढी नव्हती. लिंबाएवढी झाली होती, दगडासारखी टणक, आणि बोट लावू देत नव्हती. आडवं पडून पाहिलं तरी आत जाईना.

"बसव तिचं," म्हातारा धाकटीला म्हणाला. एवढ्यात त्याला ते मान्य झालं होतं. "पाय वर करून दाब. आमचं जातंच की."

झुडपाआड निजवून धाकटीनं दाबलं. आधी तळहातानं, मग दोन्ही अंगठ्यांनी. थोरली तोंडात कापडाचा बोळा धरून पडली होती. शेवटी तिनं धाकटीच्या मनगटाला धरून तिला दूर लोटलं. म्हाताऱ्यानं पलीकडून विचारलं, "गेलं का?" "नाही जात," धाकटी म्हणाली, तर त्यानं तापलेला दगड फडक्यात गुंडाळून पाठवला. तो शेकायला. थोरलीनं तो दगड उचलून ओढ्याच्या पात्रात भिरकावला.

संध्याकाळपर्यंत पोट फुगून आलं. पाणी प्यायलं तरी उलटून पडायचं, हिरवं, कडू. खालून वाराही सरेना. "मला दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

"आता गाडी कुठली मिळायची?" नवरा म्हणाला. "सकाळी बघू. कोपरा तेवढा बसला की."

सकाळ झाली. ती भिंतीला टेकून, पोट हातात धरून बसली होती, ओठ वाळून पांढरे पडले होते. नवरा उठला, बाहेर जाऊन आला आणि रोजच्या सवयीनं अंथरुणावर उताणा पडला. गुडघे वर घेतले.

"अगं, पट्टा," तो म्हणाला.

आपल्या अंगात एवढा राग आहे हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती भिंतीला धरून उठली, उंबरा ओलांडला आणि वाकून वाकून, दोनदा खाली बसून, सडकेपर्यंत गेली. दुधाची गाडी यायची वेळ होती. ती गाडीपुढं उभी राहिली. चालक खाली उतरून काही बोलणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्यानं पुढचं दार उघडलं. नवरा धावत आला तो पट्टा तसाच हातात धरून. चालकानं त्याला कॅनच्या मध्ये मागं बसवलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पडदा ओढला, कापड बाजूला केलं, पोटावर हात ठेवला, गाठीवर नुसती दोन बोटं ठेवली. त्यांचा चेहराच बदलला.

"कधीपासून आत जात नाही?"

"काल दुपारपासून."

"कुणी दाबलं हे? इतकं निळं झालंय."

"घरात सगळ्यांना दाबायची सवय आहे," थोरली म्हणाली.

बाईंनी मशीन लावून पोटाच्या आतलं पाहिलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. हाताच्या मुठीवर ओढणी ताणून त्यांनी दाखवलं. पोटाला आतून भिंत असते. ती कुठंकुठं विरळ असते आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं. त्यालाच हर्निया म्हणायचं. कुणाला बेंबीत होतो, कुणाला जुन्या टाक्यांच्या जागी. पुरुषांचा बहुतेक जांघेत. हिचा त्याच्याही खालचा, मांडीत उतरणाऱ्या वाटेतला.

"पण बायकांना..." नवरा म्हणाला.

"हा प्रकार बायकांनाच जास्त होतो," बाई म्हणाल्या. "ही वाट अरुंद असते, म्हणून यात आतडं अडकतं. अडकलं की रक्त बंद. आता तासांचा प्रश्न आहे. आधी का नाही आणलं? गाठ तर किती दिवसांची दिसतेय."

नवऱ्यानं पायाकडं पाहिलं. "ती काही बोललीच नाही," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि तिच्याकडं वळल्या. "तुम्ही बायका ना, सगळं अंगावर काढता. बोलायला काय होतं?"

बांधाच्या पायात घातलेला प्रत्येक धोंडा त्या वेळी तिच्या छातीवर होता. "बोलले होते," ती म्हणाली. "चार जणांना बोलले. पहिला हाच."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या हातातल्या पट्ट्याकडे. "हा कुणाचा? उभे राहा. खोका." तो खोकला. कापडावरून हात लावून त्या म्हणाल्या, "तुमचं अजून आत जातंय म्हणून तुम्हाला वेळ आहे. पट्ट्यानं ते बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं. ऑपरेशन करून आतून जाळी लावावी लागेल. एक दिवस तुमचंही असंच अडकेल."

"बांध झाला की येतो," नवरा म्हणाला.

थोरलीला तोवर ढकलगाडीवर घेतलं होतं.

शुद्धीवर आल्यावर तिला कळलं की वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून टाकावं लागलं. बाकीचं जोडलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर विष अंगभर गेलं असतं, असं परिचारिका म्हणाली, आणि उशी सारखी करून निघून गेली. थोरली पडल्या पडल्या स्वतःची वीत पसरून बघत राहिली.

घरी आली ती जड न उचलण्याच्या बोलीवर. दारासमोर खाट टाकली होती, तिथं ती दिवसभर पडायची. पाण्याची कळशीसुद्धा तिनं उचलायची नव्हती. म्हातारा येता-जाता म्हणायचा, "आराम आहे बुवा काहींना." कोपरा अजून पुरा झाला नव्हता. बागवाला दर दोन दिवसांनी येऊन गाडीचा भोंगा वाजवून जात होता. दांड्याला पुढं आता धाकटी होती.

"धाकटे, तू पुढं हो," म्हातारा तिलाही म्हणाला होता. "पुढं चालणाऱ्याला मान असतो."

हे धाकटीनंच सांगितलं. संध्याकाळी ती खाटेजवळ येऊन बसली. खांद्यावरची कातडी सोलून निघाली होती. थोरली तिथं तेल लावून देत होती.

"जाऊबाई, तुम्ही हे कसं नेत होता?" ती म्हणाली. "मला वाटायचं दोघांत निम्मंनिम्मं म्हणजे काय एवढं. हे निम्मं नाही हो. मी एकटीच नेतेय असं वाटतं."

"तुला कुठं दुखतंय का? जांघेत?"

"तसं नाही. थोडं ओढल्यासारखं."

थोरलीचा हात थांबला.

दोरखंडाचा पीळ सुटला होता म्हणून त्या दिवशी धाकट्यानं दांडा घरी आणला होता. दोर सोडून तो पीळ घालत बसला होता आणि दांडा नुसताच भिंतीला उभा होता. इतक्या वर्षांत तिनं तो दोर काढलेला असा कधी पाहिलाच नव्हता. तिरपं ऊन त्यावर पडलं होतं. मध्यावर जुनी खाच होती, घासून काळी, गुळगुळीत, तळाशी माती बसलेली. आणि तिच्यापासून वीतभर सरकून दुसरी होती.

ती उठली. टाक्यांवर हात धरून भिंतीपाशी गेली. दुसरी खाच फिक्या रंगाची होती, पण तिच्यातही दोराचा घासा पडला होता, वर्षभराचा तरी. एक कड सरळ, एक कड उतरती. अशी खाच या घरात एकच हात पाडत होता, तो म्हाताऱ्याचा. घराच्या दाराच्या अडसराला, घणाच्या दांड्याला, सगळीकडे त्याची तीच तऱ्हा. खाच ज्या टोकाकडं सरकली होती, त्या टोकाला पोत्याच्या घडीचे धागे चिकटलेले होते. ते टोक तिचं होतं.

धोंडा जिकडं जवळ, भार तिकडं जास्त. हे दगडाच्या घरात पोरासोरांनाही कळतं. तिला पुढं घातलं ते एवढ्यासाठीच. मागच्याला दोर दिसतो, पुढच्याला दिसत नाही.

म्हातारा ओट्यावर बसला होता. नवरा हातपाय धुऊन येत होता.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ही खाच कधी पाडली?"

म्हाताऱ्यानं दांड्याकडं पाहिलं, मग मुलाकडं. लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "त्याचं खाली आलं तेव्हा. त्याला भार झेपेना. काम तर सोडता येत नव्हतं. घर त्याच्यावर चालतं."

"मग मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतंस?"

"म्हटलं असतं," ती म्हणाली. "तेच तर. मी हो म्हटलं असतं."

नवरा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होता, त्यातलं पाणी पायावर सांडत होतं.

"तुम्ही मागं होतात," ती त्याला म्हणाली. "रोज दोर तुम्ही बांधत होतात. माझ्या अंगठ्याएवढं सरकलं तरी तुम्हाला दिसत होतं. मी म्हटलं जड लागतंय, तर तुम्ही माझं वय काढलंत. बायकोनं हिश्शापेक्षा जास्त उचललं याची लाज नव्हती, ते कळायची लाज होती. वर दवाखान्यात परक्या बाईसमोर मलाच खोटं पाडलंत. आणि आता हिला पुढं घातलंय. हिचं काय वीतभर कापायचंय?"

"अगं, थोडे दिवस..." नवरा म्हणाला.

"धाकटे, करवत आण."

धाकटी जागची हलली नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो दोराचा पीळ धरून खाली बघत होता. मग तिनं स्वतःच्या खांद्याला हात लावला, उठली आणि घरातून करवत घेऊन आली.

दोघींनी दांडा अंगणात आडवा घातला. थोरलीनं दोराचं टोक नव्या खाचेवर धरलं, धाकटीनं ते पुढच्या टोकापर्यंत ताणून गाठ मारली. तेवढाच दोर खाचेपासून मागच्या बाजूला टाकला आणि जिथं गाठ आली तिथं कोळशानं रेघ ओढली. रेघेच्या पलीकडं हातभर लाकूड उरलं.

"डोकं फिरलंय का तुमचं?" म्हातारा उठला. "माझ्या बापाचा दांडा आहे तो."

"बापाचा पट्टा आहे की अजून," थोरली म्हणाली. ती दांड्यावर जपून बसली, तो हलू नये म्हणून. जोर लावायचा नव्हता, पण बसायला बंदी नव्हती. "काप गं."

लाकूड मुरलेलं होतं. धाकटी सोललेल्या खांद्यानं ओढत होती, मध्येच थांबून दम घेत होती. भुसा तिच्या पायांवर पडत होता. कुणी पुढं आलं नाही, थांबवायला नाही आणि मदतीलाही नाही. शेवटी तुकडा खाली पडला. थोरलीनं तो पायानं नवऱ्याकडं लोटला.

"आता खाच मधोमध आहे," ती म्हणाली.

"दांडा आखूड झाला," म्हातारा म्हणाला. "धोंडा गुडघ्याला लागेल."

"दोघांच्याही लागेल."

दुसऱ्या दिवशी थोरला आणि धाकटी त्याच दांड्यावर धोंडे आणत होते. किती आणले ते तिनं विचारलं नाही. दुपार व्हायच्या आतच म्हाताऱ्यानं काम थांबवलं आणि सगळे लवकर घरी आले. नवरा जेवला नाही. पट्ट्याच्या कडेवरून फुगवटा बाहेर आला होता आणि तो कुशीवर पडून राहिला.

सकाळी तो उताणा पडला. गुडघे वर घेतले. पट्टा बाजूला ठेवला होता. बराच वेळ कुणी आलं नाही.

"अगं," तो म्हणाला.

ती चुलीपाशी बसली होती. तिनं मान वळवली.

"दुखतंय फार," तो म्हणाला. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत नव्हती, तो आढ्याकडं बघून बोलत होता.

थोरली उठून आत आली. पट्टा तिनं उचलला नाही. पायानंच कोपऱ्यात सारला आणि खुंटीवरचा त्याचा सदरा काढून त्याच्या अंगावर टाकला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "दुधाची गाडी अजून गेली नाही. उठा."